मंत्र्याला काढायची किंमत

ऑगस्ट २०२४. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी सकाळचे पोहे चालले होते आणि आबा, म्हणजे माझे सासरे, बशीत जिरावन, म्हणजे पोह्यांवरचा मसाला, जरा जास्तच भुरभुरवून पेपर वाचत होते. वाचता वाचता थांबले. "अगं, इंदूरचा प्रभारी मंत्री कोण झालाय, माहितीये? मुख्यमंत्री स्वतः!"

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते. तुमच्याकडे ज्याला पालकमंत्री म्हणतात, तो आमच्या मध्य प्रदेशात प्रभारी मंत्री. जिल्ह्याच्या योजना, बैठका, बदल्या यांवर नजर ठेवणारा. सहसा मंत्र्याला स्वतःचा जिल्हा देत नाहीत, दुसऱ्याचा देतात. इंदूर जिल्ह्यातून तेव्हा कैलाश विजयवर्गीय आणि तुलसी सिलावट हे दोन कॅबिनेट मंत्री होते, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतले मंत्री तर पंचवीसहून जास्त. तरी मुख्यमंत्री मोहन यादव यांनी इंदूर कुणालाच दिलं नाही, स्वतःकडे ठेवलं. गृहखातंही त्यांच्याकडेच होतं.

मी इंदूरमधल्या भंवरकुआँला एमपीपीएससीच्या, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना राज्यव्यवस्था शिकवते. उत्तर जिभेवर तयार होतं. "मुख्यमंत्र्यांचा अधिकारच आहे तो, आबा."

"अधिकार आहे ते मलाही कळतं. पोस्टात जन्म गेलाय माझा. गरज का पडली ते सांग."

वर्गात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण परीक्षेत तो येत नाही. परीक्षेत कलमं येतात. केंद्रासाठी ७५, राज्यासाठी १६४, झालं. पण सरकारचा प्रमुख आपल्याच मंत्र्यांना मुठीत कसा ठेवतो, एका देशात त्याची मूठ घट्ट आणि दुसऱ्या देशात सैल का असते, हे कलमं पाठ करून कळत नाही.

मुळापासून बघू. संसदीय पद्धतीत पंतप्रधानाला किंवा मुख्यमंत्र्याला लोक थेट निवडत नाहीत. लोक खासदार-आमदार निवडतात, त्यांच्यातल्या बहुमताचा ज्याच्यावर भरवसा तो प्रमुख. भरवसा उडाला की मुदत शिल्लक असली तरी घरी. अमेरिकेत असं नाही. तिथला मंत्री हा राष्ट्राध्यक्षाने नेमलेला माणूस. तो काँग्रेसचा सदस्य असेल तर आधी ती जागा सोडावी लागते. त्याला काढला तर तो जातो, राष्ट्राध्यक्षाची खुर्ची हलत नाही. होळकरांच्या दरबारातही साधारण हाच हिशोब होता. सर टी. माधवराव १८७३ ते १८७५ इंदूरचे दिवाण होते, इथून ते बडोद्याला गेले. दिवाणाचा धनी एकच, महाराज.

संसदीय पद्धतीतला मंत्री मात्र स्वतः निवडून आलेला असतो. त्याचा स्वतःचा मतदारसंघ, स्वतःची माणसं, कधी कधी अख्खा स्वतःचा पक्ष. प्रमुख ज्या बहुमताच्या ओट्यावर बसलेला असतो, त्याच्या चार विटा या मंत्र्याच्या घरून आलेल्या असतात. शिवाय उद्या त्या ओट्यावर आपणच बसावं असं त्यालाही वाटत असतं. म्हणजे ज्यांच्यावर हुकूम चालवायचा, त्यांच्याच आधारावर बसायचं. सगळी गंमत इथे आहे.

घटना लिहितानाच हा पेच समोर आला होता. मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी म्हणजे आत काय हवं ते भांडा, बाहेर एक बोला, आणि पडलात तर सगळे मिळून पडा. पण हे पाळायला लावणार कोण? ३० डिसेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी याचं उत्तर दिलं. पंतप्रधान. त्याच्या सल्ल्याशिवाय कुणी मंत्री होऊ नये आणि त्याला नको असेल तर कुणी मंत्री राहू नये. नेमणूक आणि बडतर्फी, दोन्ही त्याच्या हातात दिली तरच सामूहिक जबाबदारी प्रत्यक्षात येईल. बाबासाहेबांचं जन्मगाव महू आमच्यापासून तासाभराच्या आतलं, त्यामुळे हे भाषण मी वर्गात जरा जास्तच रंगवून सांगते.

पण 'नको' म्हणायचा अधिकार असणं वेगळं आणि 'नको' म्हणता येणं वेगळं. आबांना मी ते त्यांच्याच मंडळावरून पटवलं. गल्लीतल्या गणपती मंडळाचे आबा सहा वर्षं अध्यक्ष होते. खजिनदार वर्गणीचा हिशोब द्यायला दरवर्षी टाळाटाळ करायचा. नियमाप्रमाणे अध्यक्षाला खजिनदार बदलता येत होता. पण मांडव पडायचा खजिनदाराच्या आवारात, दिव्यांच्या माळांना वीज त्याच्याच मीटरवरून, आणि मूर्ती उचलणारी चार पोरं त्याच्या भावाची.

"काढला का मग त्याला?" मी विचारलं.

"गणपती काय रस्त्यावर बसवायचा होता?" आबा म्हणाले.

कुठल्याही देशाचं मंत्रिमंडळ बघताना मी हाच प्रश्न विचारते. याला काढायचं ठरवलं तर मांडव कुठे घालणार? ज्या प्रमुखाकडे दुसरी जागा तयार असते त्याचा मंत्र्यांवर वचक असतो. ज्याच्याकडे नसते, तो घटनेची कलमं घेऊन बसून राहतो.

दुसरी जागा तयार असलेल्या प्रमुखाचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण जपानचं आहे. ८ ऑगस्ट २००५, टोकियो. पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांना पोस्टाचं खासगीकरण करायचं होतं. (हे ऐकून आबांनी भुवया उंचावल्या, पण पुढे ऐकत राहिले.) तिथलं पोस्ट म्हणजे केवळ पत्रं नव्हेत, बचत आणि विम्याचा अफाट पैसा त्यात होता आणि गावोगावचे पोस्टमास्तर हे कोइझुमींच्याच पक्षाचे हक्काचे प्रचारक होते. त्यामुळे पक्षातूनच विरोध. कनिष्ठ सभागृहात विधेयक जेमतेम पाच मतांनी मंजूर झालं, आणि ८ ऑगस्टला वरिष्ठ सभागृहाने ते १२५ विरुद्ध १०८ असं पाडलं. कोइझुमींनी ठरवलं, कनिष्ठ सभागृह बरखास्त करायचं आणि लोकांकडे जायचं.

आता जपानी मंत्रिमंडळाचा नियम असा की निर्णय एकमताने लागतो आणि ठरावावर प्रत्येक मंत्र्याची सही लागते. एकाने जरी पेन खाली ठेवलं तरी ठराव अडतो. कृषिमंत्री योशिनोबू शिमामुरा यांनी तेच केलं. सही करणार नाही म्हणाले. कोइझुमींनी त्यांना तिथल्या तिथे बडतर्फ केलं, कृषिखातं स्वतःकडे घेतलं आणि कृषिमंत्री म्हणून स्वतःच ठरावाला संमती दिली. एकमत झालं! मग पक्षातल्या बंडखोरांची तिकिटं कापली, त्यांच्या मतदारसंघांत नवे, चमकदार उमेदवार उभे केले, आणि ११ सप्टेंबरच्या निवडणुकीत ४८० पैकी २९६ जागा आणल्या.

मंत्र्याला हवं तेव्हा काढायचा अधिकार जपानच्या राज्यघटनेत १९४७ पासून आहे, कलम ६८. पण कोइझुमींच्या आधीचे बहुतेक पंतप्रधान पक्षातल्या गटांनी दिलेल्या याद्यांवरून मंत्री नेमायचे. कुठल्या गटाला किती खुर्च्या, याचा हिशोब ठरलेला. पंतप्रधान गटांनी बनवलेला, म्हणून मंत्रीही गटांचे. कोइझुमी २००१ मध्ये पक्षाध्यक्ष झाले ते गटांच्या बळावर नाही, तर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या साध्या सभासदांच्या मतांवर. त्यांनी पहिल्याच मंत्रिमंडळात गटांच्या याद्या बाजूला सारल्या. २००५ मध्ये शिमामुरांना काढताना त्यांना मांडवाची चिंता नव्हती. त्यांचा मांडव लोकांच्या अंगणात होता. कलम ६८ चं एक अक्षरही मधल्या काळात बदललं नव्हतं.

ब्रिटनमध्ये दोन्ही टोकं सापडतात. तिथला पंतप्रधान ताकदवान मानतात, आणि आहेच. मंत्री तोच नेमतो, खाती तोच वाटतो, बैठकीत कुठला विषय घ्यायचा, कुठला टाळायचा, चर्चेअंती 'आपलं असं ठरलं' हे म्हणायचं कामही त्याचंच. १३ जुलै १९६२ ला हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी एका फटक्यात सात कॅबिनेट मंत्री काढले, त्यात अर्थमंत्रीसुद्धा. मंत्रिमंडळाचा एक तृतीयांश! पण लोकांनी त्यातून घेतलेला अर्थ असा की माणूस घाबरलाय. वचक वाढण्याऐवजी कमीच झाला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तब्येतीचं कारण देऊन ते स्वतः गेले. सगळ्यांना एकदम काढणं म्हणजे आपण निवडलेली माणसं चुकीची होती ही कबुली असते, हे मला त्यावरून वाटतं.

आणि मार्गारेट थॅचर. सलग तीन निवडणुका जिंकलेल्या. अकरा वर्षं मंत्र्यांना धाकात ठेवलं. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांचे जुने सहकारी जेफ्री हाउ यांनी राजीनामा दिला आणि पक्षनेतेपदाला आव्हान उभं राहिलं. पहिल्या फेरीत थॅचरना २०४ मतं, विरोधातल्या हेझेल्टाइनना १५२. जिंकल्या म्हणावं तर पक्षाच्या नियमाप्रमाणे हवी तेवढी आघाडी नव्हती, चार मतं कमी पडली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, संसदेतल्या आपल्या खोलीत त्यांनी मंत्र्यांना एकेक करून आत बोलावलं. बहुतेकांनी थोड्याफार फरकाने एकच सांगितलं. माझा पाठिंबा तुम्हालाच आहे, पण तुम्ही जिंकणार नाही. सकाळी थॅचरनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्या मंत्र्यांपैकी प्रत्येकाला त्या क्षणापर्यंत त्या काढू शकत होत्या, आणि तरी त्या खोलीत कोण कुणाच्या हातात होतं, ते दिसतंच आहे. बोरिस जॉन्सन यांचं जुलै २०२२ मध्ये असंच झालं, फक्त तिथे मंत्र्यांनी आत येऊन सांगण्याऐवजी बाहेरून राजीनाम्यांची रांग लावली. दोन-तीन दिवसांत पन्नासहून जास्त.

मुलं इथे हमखास विचारतात, मग कॅनडाचं काय, तीही तर ब्रिटिश पद्धतच. पद्धत तीच, पण पक्षनेता निवडणारे वेगळे. कॅनडात नेता निवडतात देशभरचे पक्षसभासद. खासदारांनी त्याला निवडलेलं नसतं, म्हणून त्याला उतरवायची सोपी वाटही त्यांच्याकडे सहसा नसते. कॅनडाचा पंतप्रधान मंत्र्यांच्या बाबतीत ब्रिटनच्यापेक्षा निवांत असतो तो त्यामुळे. पण निवांत म्हणजे बिनधास्त नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये जस्टिन ट्रूडो यांनी अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांना अर्थखात्यावरून हलवायचं ठरवलं आणि एका शुक्रवारी तसं त्यांना कळवलं. सोमवारी, १६ तारखेला, फ्रीलंड संसदेत आर्थिक निवेदन मांडणार होत्या. त्याच सकाळी त्यांनी राजीनाम्याचं पत्र जगजाहीर केलं. ट्रूडोंना ६ जानेवारीला पद सोडत असल्याचं सांगावं लागलं. मला यात नवल वाटतं ते वेळेच्या निवडीचं. ज्याला सोमवारी तुमच्या वतीने उभं राहायचंय, त्याला शुक्रवारी हलवतोय म्हणून सांगणारा माणूस नऊ वर्षं पंतप्रधान होता.

ऑस्ट्रेलियातल्या लेबर पक्षाची तऱ्हा याच्या उलट. तिथे परंपरेने मंत्री कोण होणार हे पक्षाचे खासदार मतदानाने ठरवायचे, पंतप्रधानाने फक्त खाती वाटायची. घरात कोण राहायचं ते भावकीने ठरवायचं आणि कर्त्याने नुसत्या खोल्या द्यायच्या, तसं. केव्हिन रड यांनी २००७ ची निवडणूक जिंकल्यावर मंत्री आपणच निवडणार असं जाहीर केलं. ज्या खासदारांचा हक्क काढून घेतला त्यांनीच २०१० मध्ये, पहिली मुदत संपायच्या आत, रडना खाली खेचलं. एका कारणामुळेच खेचलं असं मी म्हणणार नाही, पण हे कारण लहान नव्हतं. २०१३ मध्ये रड परत आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नेता हटवण्याचाच नियम कडक करून घेतला. तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पुढे पक्ष हरला आणि मंत्री निवडायचा हक्क खासदारांकडे परत गेला.

आतापर्यंत एका पक्षाच्या सरकारांचं झालं. आघाडी आली की हिशोब पार बदलतो, कारण मग मंत्र्याचा धनी प्रमुख उरतच नाही.

नेदरलँड्समध्ये तर पंतप्रधानाला एखाद्या मंत्र्याला आपल्या मर्जीने काढताच येत नाही. तो बरोबरीच्यांतला पहिला, एवढंच. मंत्री झालं की खासदारकीही सोडावी लागते. कुठल्याच पक्षाला एकट्याला बहुमत मिळत नाही, म्हणून सगळं आधी वाटाघाटीत ठरवून कागदावर आणतात. मार्च २०२१ च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला २९९ दिवस लागले. आपल्याकडे एवढ्या दिवसांत किती आमदार किती रिसॉर्टांत राहून आले असते, देव जाणे. पण या दिरंगाईला एक बाजू आहे. भांडणं आधीच होऊन जातात, आणि नंतर पंतप्रधानाचा धाक लागत नाही, करारच धाक दाखवतो.

जर्मनीने मधला रस्ता काढला. राज्यघटनेचं कलम ६५ सांगतं की धोरणाची दिशा चॅन्सेलर, म्हणजे तिथला पंतप्रधान, ठरवील, पण त्या दिशेच्या आत प्रत्येक मंत्री आपलं खातं स्वतःच्या जबाबदारीवर चालवील. आणि चॅन्सेलरला पाडायचं तर नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, त्याच मतदानात त्याच्या जागी कोण हेही ठरवावं लागतं. हे एकदाच यशस्वी झालं, १ ऑक्टोबर १९८२ ला, श्मिट गेले आणि कोल आले. एवढं संरक्षण असूनही दिशा ठरवायचा हा अधिकार चॅन्सेलर उघडपणे क्वचितच वापरतात. ओलाफ शोल्त्स यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये तो वापरला. शेवटचे तीन अणुवीज प्रकल्प किती दिवस चालवायचे यावर दोन मित्रपक्ष हटून बसले होते. शोल्त्सनी मंत्र्यांना लेखी पत्र धाडलं, तिन्ही १५ एप्रिल २०२३ पर्यंत चालतील. सगळ्यांनी ऐकलं. दोन वर्षांनी, ६ नोव्हेंबर २०२४ ला, त्यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं. लिंडनर एका मित्रपक्षाचे अध्यक्षच होते. बहुमत गेलं, डिसेंबरात विश्वासमत हरलं, फेब्रुवारीत निवडणूक. मांडवासकट गेलं सगळं. शोल्त्सना हे माहीत नव्हतं असं नाही. किंमत बघूनच त्यांनी ती मोजली.

आपल्याकडची आघाडीतली गोष्ट मला याहून बोलकी वाटते. १४ मार्च २०१२. रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी अर्थसंकल्पात भाडेवाढ जाहीर केली. साध्या दुसऱ्या वर्गाला किलोमीटरमागे दोन पैसे. मनमोहन सिंग तेव्हा जवळपास आठ वर्षांपासून पंतप्रधान होते, आणि वाढ त्यांच्या सरकारला हवीच होती. पण त्रिवेदींचा पक्ष होता तृणमूल, आणि लोकसभेत त्याचे १९ खासदार. पक्षाच्या प्रमुख ममता बॅनर्जी कोलकात्याहून म्हणाल्या, मंत्री बदला. चार दिवसांत त्रिवेदींचा राजीनामा आला. त्यांच्या जागी त्याच पक्षाचे मुकुल रॉय बसले आणि त्यांनी बहुतेक भाडेवाढ मागे घेतली. पंतप्रधानाला जो मंत्री चालत होता तो गेला, जो निर्णय हवा होता तोही गेला. कलम ७५ म्हणतं, मंत्री पंतप्रधानाच्या सल्ल्याने नेमला जाईल. सल्ला पंतप्रधानानेच दिला होता की! फक्त तो कोलकात्यात लिहिला गेला होता.

याच्या दुसऱ्या टोकाला इंदिरा गांधी. जुलै १९६९ मध्ये त्यांनी मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं आणि तीन दिवसांत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. खातं काढलं की मोरारजी राजीनामा देतील हे उघड होतं, आणि पक्ष फुटेल हेही. नोव्हेंबरात फुटला. पण १९७१ ची निवडणूक त्यांनी जिंकली आणि मग मंत्रिमंडळात 'नाही' म्हणणारं कुणी उरलं नाही. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या आदेशावर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती. मंत्र्यांना बोलावलं ते २६ ला सकाळी सहा वाजता, झालेल्या गोष्टीला होकार द्यायला. हे नियमात बसवलं गेलं ते सरकारी कामकाजाच्या नियम १२ खाली. पंतप्रधान गरज पडल्यास नियम बाजूला ठेवू शकतात असं तो सांगतो. म्हणून ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये अट घातली की आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवायला हवा. आपल्या राज्यघटनेत 'कॅबिनेट' हा शब्द तेवढ्या एका ठिकाणीच, कलम ३५२ मध्ये, आहे. मुलांना हे सांगितलं की हमखास वहीत खाली दोन रेघा मारतात.

म्हणजे मंत्र्याला काढण्यापेक्षा स्वस्त उपायही आहे. त्याला खुर्चीवर ठेवायचं आणि निर्णय दुसऱ्या खोलीत घ्यायचा. समित्यांत, पंतप्रधान कार्यालयात, तीन-चार विश्वासू माणसांत. हे इंदिरा गांधींनी शोधून काढलं असं नाही. याची पहिली मोठी तक्रार केली ती बाबासाहेबांनीच. २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतंच. पण १० ऑक्टोबरला प्रसिद्ध केलेल्या निवेदनात त्यांनी आणखी एक दुखणं सांगितलं. कायदा खातं म्हणजे साबणाचा रिकामा खोका. प्रशासनाचं दुसरं खातं मागितलं ते मिळालं नाही. परराष्ट्र, संरक्षण अशा महत्त्वाच्या समित्यांवर घेतलं नाही. आणि मंत्रिमंडळ म्हणजे समित्यांनी आधीच घेतलेल्या निर्णयांची नोंद करणारं कार्यालय झालं आहे. तीन वर्षांपूर्वी पंतप्रधानाच्या हातात मंत्र्यांची दोरी दिली पाहिजे असं सांगणारा माणूस, आणि ती दोरी आतून कशी लागते ते सांगणाराही तोच. ही दोन भाषणं पाठोपाठ वाचायला दिली की वर्गात बराच वेळ कुणी बोलत नाही.

आता आमचं मध्य प्रदेश. इथे मुख्यमंत्र्याचा मांडव कुणाच्या आवारात असतो याचा धडा आबांच्या पिढीने १९६७ मध्येच घेतलाय. द्वारकाप्रसाद मिश्र म्हणजे पोलादी मुख्यमंत्री. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पाठबळावर ३६ काँग्रेस आमदार फुटले आणि जुलैत सरकार गडगडलं. आबा तेव्हा कॉलेजात होते, अजून तारखेनिशी सांगतात.

२०२० मध्ये तेच घराणं, नवी पिढी. ज्योतिरादित्य शिंदे यांच्या मागे बावीस काँग्रेस आमदारांनी राजीनामे दिले, २० मार्चला मुख्यमंत्री कमलनाथ गेले, २३ ला शिवराजसिंह चौहान आले. पुढे जवळजवळ महिनाभर, लॉकडाउन ऐन भरात असताना, मंत्रिमंडळात ते एकटेच. राज्यात किमान बारा मंत्री हवेत असं घटना सांगते. वरची मर्यादाही आहे, आमदारांच्या १५ टक्के, ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये घातलेली. मुख्यमंत्र्याच्या हातातला सगळ्यात गोड खाऊ मंत्रिपद, त्याचा डबाच या मर्यादेने लहान केला. आमच्या विधानसभेच्या २३० चे १५ टक्के म्हणजे साडेचौतीस.

त्यात जुन्यांनाही बसवायचं आणि ज्यांच्यामुळे सरकार आलं त्यांनाही. २१ एप्रिलला पाच मंत्री झाले, त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या सांवेरचे तुलसी सिलावट. २ जुलैला आणखी अठ्ठावीस. त्याच्या आदल्या दिवशी चौहान म्हणाले होते, मंथनातून अमृत निघतं, विष तर शिव पिऊन टाकतात. नावावरची कोटी झकास होती, पण मुख्यमंत्री स्वतःच्या मंत्रिमंडळाबद्दल बोलतोय हे लक्षात घेतलं की हसू जरा अडकतं. खातेवाटपाला अकरा दिवस आणखी लागले. चौदा मंत्री तर आमदारच नव्हते, कारण आमदारकी सोडूनच ते आले होते. घटना अशांना सहा महिने देते. ऑक्टोबरात ते संपले तेव्हा सिलावटांना मंत्रिपद सोडावं लागलं, नोव्हेंबरात सांवेरहून निवडून आले, जानेवारीत पुन्हा शपथ.

पक्षांतरबंदी कायद्याने, १९८५ पासून, आमदाराला पक्षाविरुद्ध मत देणं महाग झालंय. वाटतं की त्याने मुख्यमंत्र्याचा हात बळकट व्हावा. झाला तो पक्षाच्या दिल्लीतल्या श्रेष्ठींचा. ब्रिटनमधल्यासारखं आमदारांनी जमून नेता बदलायचा, असं आपल्याकडे सहसा होत नाही. नाव पाकिटातून येतं आणि आमदार टाळ्या वाजवतात. ज्याचं नाव पाकिटातून आलं, त्याच्या मंत्र्यांना हे पक्कं ठाऊक असतं की मुख्यमंत्र्यालाही कुणीतरी नेमलेलंच आहे. त्यांतले काही त्याच्याहून वयाने, अनुभवाने, निवडणुकांच्या संख्येने मोठे असतात. अशांना काढता येत नाही, आणि दुखवणंही परवडत नाही. मग मुख्यमंत्र्याच्या हातात उरतं काय? खाती. गृह कुणाला द्यायचं नाही, स्वतःकडे ठेवायचं. बदल्यांची फाइल आपल्या टेबलावरून जाईल असं बघायचं. आणि जो जिल्हा सगळ्यात श्रीमंत, जिथे दोन मातब्बर मंत्री आधीच बसलेत, तिथे तिसरा पाठवून आणखी एक सत्ताकेंद्र कशाला करायचं?

"असं असावं," मी आबांना म्हटलं. "मुख्यमंत्र्यांच्या मनातलं मला काही माहीत नाही. पण हिशोब असा बसतो."

आबांनी बशी बाजूला सारली, पेपरची घडी घातली. "बसतोय बरोबर. मी तरी काय केलं होतं? खजिनदार तोच ठेवला."

"आणि हिशोब?"

"पावतीपुस्तक माझ्या कपाटात."